चतुःसीमा

कोकणच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे जाणाऱ्याला मैलांपेक्षा खाड्यांचा हिशेब अधिक ठेवावा लागतो. मुंबईहून निघावे तर प्रथम बंदराचेच पाणी ओलांडायचे. मग रेवदंड्याला कुंडलिका, मुरूडच्या पुढे राजपुरीची खाडी, आणि हरिहरेश्वर मागे पडले की सावित्रीच्या मुखाशी बाणकोट. प्रत्येक पाण्यापाशी बोलीचा सूर किंचित पालटतो. खाडीपलीकडे मुलगी दिली म्हणजे ती परमुलखात दिली, असे या पट्टीतल्या म्हाताऱ्या बायका म्हणत. आता पूल झाले, मोटारी वाहून नेणाऱ्या बोटी झाल्या. पण सायकलने जाणाऱ्याला खाडी अजूनही खाडीच वाटते. तिच्यापाशी उतरावे लागते, थांबावे लागते, आणि थांबले की मनात आणलेल्या गोष्टी वर येतात.

माघातल्या एका शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला निघालेल्या रो-रो बोटीत पाच सायकली एका दोरीने कठड्याला बांधल्या होत्या. बरोबरची माणसेही पाच. उत्तरेतल्या एका विद्यापीठात चौतीस वर्षे मराठी शिकवीत आलेले एक अध्यापक. बँकेतून निवृत्त झालेले त्यांचे एक मित्र. एक नेत्रचिकित्सक बाई. एक छापखान्याचे मालक, आणि त्या मालकांचा सव्वीस वर्षांचा पुतण्या. पहिली चौघे महाविद्यालयातली सोबती. १९८७ साली त्यांनी याच किनाऱ्याने पहिली फेरी केली तेव्हा सायकली काळ्या आणि लोखंडी होत्या, त्यांतल्या दोन तर दिवसाच्या भाड्याने आणलेल्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचच्या टपावर त्या आडव्या टाकाव्या लागत आणि खलाशी त्यांवरच बसत. आताच्या सायकली दोन बोटांनी उचलता येतात. टायर अंगठ्याएवढा रुंद, हँडल मेंढ्याच्या शिंगासारखे खाली वळलेले. पोशाखाविषयी गावोगावी जे बोलले जाते ते येथे लिहिण्याचे कारण नाही. साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसांनी तसले कपडे घालून बाजारपेठेतून जावे यात थोडा विनोद आहेच, आणि तो सोसण्याची तयारी ठेवूनच ही मंडळी दर हिवाळ्यात एकदा बाहेर पडतात.

अध्यापकांच्या सायकलीला बैठकीखाली एक लांबट पिशवी होती. तिच्यात दोन ट्यूब, एक पाना, एक हातपंप आणि प्लॅस्टिकच्या वेष्टनात घडी घातलेला एक कागद. कागदाविषयी त्यांनी कोणाला सांगितले नव्हते.

मांडव्यापासून अलिबागपर्यंतचा रस्ता मुंबईकरांच्या बंगल्यांचा आहे. तो लवकर संपावा असेच वाटते. अलिबागच्या पुढे आक्षी लागते. आक्षीचा शिलालेख मराठीच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा त्याचा काळ डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी लावला. त्याविषयी पुढे मतभेदही झाले. पश्चिम समुद्राचा अधिपती म्हणवणारा शिलाहार राजा केशिदेव, त्याचा महाप्रधान, देवीच्या बोडणासाठी नेमून दिलेले धान्य आणि शेवटी महालक्ष्मीची आण, एवढाच त्यातला मजकूर. १९८७ मध्ये चौघे हा दगड शोधत गेले होते आणि अध्यापकांनी, तेव्हाच्या विद्यार्थ्याने, उन्हात उभे राहून मित्रांना त्यावर अर्धा तास व्याख्यान दिले होते. या खेपेस त्यांनी सायकलसुद्धा थांबवली नाही. छापखानेवाल्यांनी मागून हाक मारली, “अरे, तुझा दगड राहिला!” त्यावर त्यांनी नुसता हात वर केला.

नागाव, चौल, रेवदंडा. वाड्यांमधून जाणाऱ्या या अरुंद रस्त्यावर दुपारीसुद्धा पोफळींची सावली असते आणि हवेत ओल्या मातीचा गारवा. याच भागात बेने इस्रायल घरे होती. तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. बहुतेक कुटुंबे आता इस्रायलमध्ये आहेत आणि तेथेही त्यांनी मराठी नियतकालिक चालवले. अलिबागेत त्यांची आळी आणि प्रार्थनामंदिर उभे आहे. शनिवारच्या सुटीवर निघालेल्या माणसांना या रस्त्यावर शनिवार पाळणाऱ्यांची आठवण यावी हे साहजिक म्हणायचे. पण हा मुद्दा काढला तो बँकवाल्यांनी. एरवी अशी माहिती पुरवण्याचे काम अध्यापकांचे.

सायकली रांगेने चालवण्याचे एक शास्त्र आहे. पुढच्याने वारा अंगावर घ्यायचा, मागच्यांनी त्याच्या चाकापासून हात-दीड हात अंतर राखून त्याच्या आडोशाने जायचे, आणि थोड्या वेळाने पुढच्याने बाजूला सरून शेपटाशी यायचे. मागच्याला रस्ता दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त पुढच्याची पाठ. म्हणून पुढचा ओरडून सांगतो: खड्डा! वाळू! म्हैस! आणि ते शब्द एकेकाच्या तोंडून मागे पोचत जातात. शेवटच्या माणसापर्यंत म्हैस पोचते तोवर ती बहुधा रस्ता ओलांडून गेलेली असते. तरी शब्द द्यायचा असतो. ज्याने आपल्या भरवशावर डोळे मिटल्यासारखे केले आहेत त्याला न सांगता चालीत बदल करायचा नाही, हा या रांगेचा एकच मोठा नियम. छापखानेवाले म्हणतात, मुद्रितशोधकाचा आणि लेखकाचा संबंधही असाच असायला हवा. पण ते त्यांचे नेहमीचे दुःख आहे.

कुंडलिकेचा पूल ओलांडला की साळाव, आणि तेथून समुद्र उजव्या हाताला घेऊन कोर्लई. डोंगराच्या सोंडेवर पोर्तुगीजांचा किल्ला आणि पायथ्याशी गाव. १७४० मध्ये पोर्तुगीज येथून गेले, पण त्यांच्या भाषेतून आणि मराठीतून उपजलेली एक बोली गावातल्या ख्रिस्ती वस्तीत राहिली. ती बोलणारे तिला ‘नॉ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. लिपी नाही, पाठ्यपुस्तक नाही, राजाश्रय तर अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीच गेला. देवळातली प्रार्थनाही आता मराठीत होते. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा बाहेरच्या जगाला तिची नीट ओळख झाली.

गावाच्या तोंडाशी एका टपरीवर ही मंडळी शहाळी प्यायला थांबली. शहाळी कापणाऱ्या बाईंनी आपल्या मुलाला आतून कोयता आणायला त्या भाषेत सांगितले, मुलाने मराठीत उत्तर दिले, आणि पुन्हा त्या आपल्या भाषेत काही रागावून बोलल्या. पुतण्याने कुतूहलाने विचारले, “मावशी, मुलाला येते ना ही भाषा?” त्या म्हणाल्या, “येते. पण बोलायला कुणीतरी समोर बसून राहायला लागते ना.”

अध्यापक शहाळे अर्धे टाकून उठले.

त्यानंतर काशीदपर्यंत जे घडले ते त्यांच्या चाळीस वर्षांच्या सोबतीत कधी घडले नव्हते. रांगेत ते पुढे होते. पाठीशी वारा होता. सकाळचा जमिनीवरचा मतलई वारा पडून वायव्येचा खारा वारा सुटला होता आणि दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो ढकलत नेतो. त्यांनी काही न सांगता चाल वाढवली. मागे कोणी आहे की नाही हे वळून पाहिले नाही. चढावर ते बैठकीवरून उठले, उतारावर हँडलवर ओणवे झाले आणि दिसेनासे झाले. काशीदच्या सुरूंपाशी बाकीचे पोचले तेव्हा ते एका दगडावर बसून होते; चेहरा राखेसारखा, श्वास अजून लागत होता. डॉक्टरबाईंनी आधी नाडी पाहिली आणि मग त्या जे बोलल्या ते फार सौम्य नव्हते. “पळायचं असेल तर सांगून पळ. मागे येणाऱ्यानं काय समजायचं?”

तेव्हा त्यांनी पिशवीतला कागद काढला.

दिवेआगरला त्यांच्या घराण्याची वाडी आहे. दीड एकराची, विहीर, रहाटाची जुनी जागा, कौलारू घर. तीन हिस्से: एक त्यांचा, एक ठाण्याला असलेल्या चुलतभावाचा, आणि एक मधल्या काकांचा. काका गेल्यावर तो काकूंकडे आला. काकूंना मूल नाही, वय एकोणऐंशी, त्या एकट्या त्या घरात राहतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले आणि दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. या घरच्या तीनशेवर पोफळींपैकी उभ्या राहिल्या त्या सव्वीस. पोफळीचे रोप लावल्यापासून पहिले फळ दिसायला पाच ते सात वर्षे लागतात आणि भर यायला त्याहून अधिक, तेव्हा वाडी गेली म्हणजे एका पिढीचे उत्पन्न गेले असेच समजायचे. पुढे रेवस-रेडी सागरी मार्गाची आणि खाड्यांवरच्या पुलांची बोलणी वाढली तसे जमिनीचे भाव चढले. चुलतभावाला गिऱ्हाईक मिळाले होते. तो वाईट माणूस नाही. काकूंना आपल्याकडे नेण्याची त्याची खरोखर तयारी होती, आणि रात्री-अपरात्री तिथे पडली-झडली तर कोण, हा त्याचा प्रश्न बिनतोड होता. अध्यापकांनी संमतीपत्रावर सही करायची, काकूंचीही घ्यायची, एवढेच काम. टपालाने होण्यासारखे होते. त्यांनी ते सायकलने करायचे ठरवले, याचे कारण त्यांना स्वतःलाही नीट सांगता आले नाही.

बँकवाल्यांनी कागद वाचला. असे कागद त्यांनी आयुष्यभर वाचले होते. “कागद चोख आहे,” एवढेच ते म्हणाले. पुढे कोणी काही बोलले नाही. उठताना मात्र डॉक्टरबाईंनी त्यांना रांगेच्या मधोमध घातले, आणि दिघीपर्यंत त्यांच्या वाट्याला वारा येऊ दिला नाही.

मुरूड, जंजिरा, नबाबांचा डोंगरावरचा वाडा ही सारी पाहण्याजोगी स्थळे त्या दिवशी नुसती शेजारून गेली. आगरदांड्याला बोटीसाठी तासभर बसावे लागले. पलीकडे दिघीचा चढ, मग बोर्लीपंचतन, आणि दिवे लागणीला दिवेआगर.

काकू ओटीवर उभ्या होत्या. पाच माणसांचे ते कपडे पाहून त्यांनी डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, “आधी विहिरीवर जा आणि माणसांत या.” रात्री गरम भात, पोह्याचे पापड, आमसुलाचे सार. डॉक्टरबाईंनी विजेरीच्या उजेडात त्यांचे डोळे तपासले. उजव्यात मोतीबिंदू पिकत आला होता. “काढायला हवा, काकू.” “काढू. पावसाळ्याआधी नको. आत्ता शिंपण्याचे दिवस आहेत.”

भांडी घासून झाल्यावर त्यांनी पानाचा डबा ओढला आणि पुतण्याकडे न पाहता म्हणाल्या, “कागद आणलायस ना? त्याचा फोन आला होता. वाच.”

“उद्या वाचू, काकू.”

“उद्या कशाला? मला दिसत नाही रात्रीचं. तुला दिसतंय. मराठीच आहे ना?”

मराठीच होते. चौतीस वर्षे परमुलखात त्या भाषेच्या व्युत्पत्ती आणि विभक्ती समजावणाऱ्या माणसाने माजघरातल्या दिव्याखाली ते वाचायला सुरुवात केली. लिहून देणार यांचे नाव, वय, धंदा. मिळकतीचे वर्णन. चतुःसीमा: पूर्वेस सार्वजनिक रस्ता, पश्चिमेस समुद्राकडील पाणंद, दक्षिणेस अमक्यांची आगरजमीन, उत्तरेस वहाळ. आणि मग ते जुने सूत्र: यांतील जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि-निक्षेप यांसह.

हे शब्द त्यांच्या चांगल्याच ओळखीचे होते. पेशवाईतल्या इनामपत्रांत ते येतात. संस्कृत दानपत्रांतून मराठी सनदांत आणि सनदांतून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत ते वाक्य अखंड चालत आले आहे, आणि वर्गात ते हा प्रवास मोठ्या आवडीने सांगत. याच गावच्या शके ९८२ मधील, म्हणजे इ. स. १०६० मधील, ताम्रपटाची गणना मराठीच्या अगदी आरंभीच्या ताम्रपटांत होते. भाषेच्या इतिहासात कायद्याची भाषा सर्वांत सावकाश मरते, हे त्यांचे एक ठरलेले विधान होते.

“तरु म्हणजे झाडं ना रे?” काकूंनी विचारले.

“हो.”

“कुठली?”

“सगळीच. जी असतील ती.”

“जुनी, का नवीसुद्धा?”

“नवीसुद्धा.”

काकू बराच वेळ सुपारी कातरत राहिल्या. मग म्हणाल्या, “किती आहेत ते लिहिलंय का त्यात?”

लिहिलेले नव्हते. सातबाऱ्याचा उतारा जोडला होता, पंचनाम्याची प्रत होती. पंचनाम्यात पडलेल्या झाडांचा आकडा होता. नंतर लावलेल्यांचा कुठेच नव्हता, कारण त्यांची नोंद करायला कोणी आलेच नव्हते.

“मग सही कशावर करायची मी? मला नको म्हणायचं नाही. तुम्ही दोघं म्हणाल तसं. पण काय दिलं ते मोजून द्यावं माणसानं.”

रविवारी पहाटे श्रीवर्धनला निघायचे ठरले होते. त्याऐवजी पाचही जण वाडीत गेले. वादळानंतरच्या पहिल्या पावसाळ्यापासून काकूंनी रोपे लावली होती. मोकळ्या उन्हात पोफळीचे कोवळे रोप करपते, म्हणून आधी केळी लावल्या आणि केळींच्या सावलीत रोपे. पहिल्या वर्षीची बरीचशी मेली. त्यांच्या जागी पुन्हा लावली. शिंपायला विजेचा पंप होता. आळी करायला एक गडी आठवड्यातून दोनदा येई. बाकी त्या स्वतः.

मोजणी वाटते तितकी सोपी नव्हती. केळींच्या गर्दीत ओळी मोडलेल्या, एकाने मोजलेले दुसरा पुन्हा मोजी. तिसऱ्यांदा आकडे जमेनात तेव्हा काकूंनी पानाच्या डब्यातला चुना आणून दिला. मोजले की खोडाला चुन्याचे बोट. मग काम सरळ झाले. पुतण्या विहिरीच्या बाजूने, छापखानेवाले वहाळाच्या अंगाने, मध्ये डॉक्टरबाई. बँकवाले पाटाशी वही घेऊन बसले आणि हाक आली की रेघ ओढू लागले. रांगेत खड्डा आणि म्हैस पुढून मागे यावी तसे आकडे झाडांतून येत राहिले.

पोफळी एकशे सत्याऐंशी. जुन्या सव्वीस वेगळ्या. नारळ चौदा. मेलेल्या रोपांची रिकामी आळी एकवीस. तीही लिहा, असे काकू म्हणाल्या.

वहाळाच्या कडेला एका झाडापाशी त्यांनी पुतण्याला थांबवले. ते खोड इतरांपेक्षा थोडे जाड होते. वरची वाळकी विरी सुटायला आली होती आणि तिच्या बगलेत फुगीर, हिरवट पोय दिसत होती, अजून न फुटलेली. वाडीतली ती नव्या लावणीची पहिली. काकूंना ती दिसत होती की कुठे आहे एवढे ठाऊक होते, कोण जाणे. त्यांनी बोट दाखवले ते बरोबर तिच्याकडेच.

आकडे संमतीपत्राच्या समासात शाईने लिहिले गेले. सही मात्र झाली नाही. अध्यापकांनी कागद पुन्हा घडी करून वेष्टनात घातला. काकूंनी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. निघताना त्या डॉक्टरबाईंना एवढेच म्हणाल्या, “पावसाळ्याआधी सांगा तारीख. येईन मी.”

उशीर झाला होता. आरावी, कोंडिवली, शेखाडी हा बहुधा या साऱ्या किनाऱ्यातला सर्वांत देखणा रस्ता. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला खडकांवर फुटणारे पाणी, आणि मध्ये जेमतेम एका मोटारीपुरती वाट. ऊन चढले होते, पण पाठीशी वारा होता. अध्यापक पुढे गेले की बजावून सांगत, “आता थोडं जोरात नेतो”, आणि मागून चार आवाज येत, “ने!” शेखाडीपाशी त्यांच्या खिशात फोन वाजला. दोनदा वाजला. हँडल सोडता येण्याजोगा रस्ता नव्हता.

श्रीवर्धनला बाजारात टेम्पोवाल्याशी सायकलींच्या भाड्याची बोलणी चालू असताना त्यांनी भावाला फोन लावला.

“झाली सही?”

“एकशे सत्याऐंशी आहेत,” अध्यापक म्हणाले.

“काय?”

“पोफळी. आणि एकीला पोय आलीय. तू एकदा ये. कागद माझ्याकडे आहे, तो कुठे जात नाही. पण सही करायच्या आधी तू येऊन जा.”

पलीकडे रेल्वे फलाटावरची घोषणा ऐकू येत होती. भाऊ कुठेतरी उभा होता आणि लगेच बोलत नव्हता. छापखानेवाल्यांनी खुणेने विचारले, पाच सायकली उभ्या ठेवायच्या की आडव्या? अध्यापकांनी फोन कानाशी तसाच धरून आपली सायकल त्यांच्याकडे ढकलली. तिच्या हँडलच्या काळ्या पट्टीवर चुन्याची बोटे उमटली होती.